खाऱ्या पाण्यातला भात

भात हे भारतातील कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न आहे. कोकणात, गोव्यात, बंगालमध्ये, ओडिशात आणि दक्षिणेकडे भाताशिवाय जेवण पुरे झाले असे सहसा कोणी मानीत नाही. या पिकाला पाणी फार लागते. खाचरात घोटाभर पाणी साचलेले असावे आणि वरून पावसाची रिपरिप चालू असावी, म्हणजे भाताचे रोप जोमाने वाढते. मात्र हे पाणी गोडे असले पाहिजे. खारे पाणी हा भाताचा मोठा शत्रू होय. मुळांभोवतीच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅमांहून अधिक मीठ असले, की भाताचे उत्पन्न घटू लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात तर सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. मग समुद्राच्या पाण्यात भाताचा निभाव कसा लागणार?

असे असूनही भाताच्या कुळात एक वनस्पती अशी आहे, की ती समुद्राच्या भरतीओहोटीतच जन्मते, तेथेच वाढते आणि तेथेच फुलते. दिवसातून दोन वेळा खारे पाणी तिच्या अंगावरून जाते, आणि ओहोटी लागली की ती पुन्हा ताठ उभी राहते. बंगालमध्ये तिला ‘धानी घास’ म्हणतात. मराठीत घास म्हणजे तोंडात मावेल एवढे अन्न. बंगालीत मात्र घास म्हणजे गवत. तेव्हा धानी घास म्हणजे धानासारखे, अर्थात भातासारखे, गवत.

सिंधू नदीच्या मुखापासून गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखापर्यंत आणि त्याही पलीकडे म्यानमारच्या किनाऱ्यापर्यंत हे गवत ठिकठिकाणी आढळते. पण त्याचे खरे माहेर म्हणजे सुंदरबन. गंगा आणि ब्रह्मपुत्रा या महानद्या हिमालयातून दरवर्षी सुमारे 100 कोटी टन गाळ वाहून आणतात. समुद्राजवळ आल्यावर त्यांचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसू लागतो. अशा रीतीने नदीच्या पात्रात व मुखाशी चिखलाची नवी भूमी वर येते. तिला त्या प्रदेशात ‘चर’ म्हणतात. भरतीच्या वेळी चर पाण्याखाली जाते, ओहोटीच्या वेळी उघडी पडते. तिच्यावर झाड नसते, झुडूप नसते. अशा ओल्या, खाऱ्या, निसरड्या भूमीवर पाय रोवण्याचे धाडस प्रथम करते ती धानी घास.

दिसायला हे गवत अगदी साधे असते. गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढणारे त्याचे झुपके दुरून एखाद्या भातशेतीसारखे दिसतात. पाने जाड, चिवट व हिरवट निळसर असून त्यांच्या कडा खरखरीत असतात. पावसाळ्याच्या सुमारास त्याला लोंब्या येतात. त्या भाताच्या लोंबीप्रमाणे पसरट व झुकलेल्या नसून आखूड आणि दाटीवाटीच्या असतात. विल्यम रॉक्सबर्ग नावाचे स्कॉटिश वैद्य 1793 पासून 1813 पर्यंत कलकत्त्याजवळील वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. भारतातील हजारो वनस्पतींची त्यांनी नोंद केली. या गवतालाही शास्त्रीय नाव त्यांनीच दिले: ‘ओरायझा कोआर्क्टाटा’. ओरायझा म्हणजे भात आणि कोआर्क्टाटा म्हणजे दाटून बसलेला. पुढे 1965 मध्ये ताटेओका या जपानी शास्त्रज्ञांनी त्याला भाताच्या कुटुंबातून वेगळे काढले आणि रोलां पोर्तेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ ‘पोर्टेरेशिया’ असे नवे नाव दिले. पण पेशींच्या आतील अनुवंशद्रव्याची तपासणी होऊ लागली, तेव्हा रॉक्सबर्ग यांचेच म्हणणे योग्य ठरले. हे गवत भाताचे दूरचे का होईना, पण सख्ख्या कुळातले नातलग आहे, हे सिद्ध झाले.

खाऱ्या चिखलात राहणे किती अवघड आहे, हे समजण्यासाठी घरातलेच एक उदाहरण पाहावे. लोणचे घालताना कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवतात. थोड्या वेळाने भांड्याच्या तळाशी पाणी साचते आणि फोडी मऊ पडतात. हे पाणी कोठून येते? ते कैरीच्या आतूनच येते. जिकडे मीठ अधिक, तिकडे पाणी ओढले जाते, हा निसर्गाचा नियम आहे. वनस्पतीच्या मुळांचेही तसेच होते. भोवतालच्या पाण्यात मीठ फार झाले, की मुळांना पाणी शोषून घेणे कठीण जाते. चोहोकडे पाणीच पाणी असूनही रोप तहानेने सुकू लागते. याखेरीज दुसरे संकट असते. मिठातील सोडियम पानांत शिरून साचू लागला, की तो विषासारखा काम करतो. प्रथम पानांची टोके करपतात, मग सगळे पान वाळते. भाताचे कोवळे रोप आणि फुलोऱ्यावर आलेले पीक यांना तर खारेपणा मुळीच सोसत नाही.

धानी घासने या संकटातून मोठी नामी वाट काढली आहे. तिच्या पानाच्या वरच्या बाजूस लांबट सऱ्या असतात. या सऱ्यांच्या कडेने सूक्ष्म केस असतात, इतके सूक्ष्म, की ते पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. मुळांवाटे शरीरात शिरलेले जादा मीठ या केसांत नेऊन साठविले जाते. केस मिठाने भरला, की तो फुटतो किंवा गळून पडतो, आणि त्यातील मीठ पानाच्या पृष्ठभागावर येते. तेथून ते पावसाने किंवा भरतीच्या पाण्याने धुऊन जाते. गळलेल्या केसाच्या जागी नवा केस उगवतो आणि काम पुन्हा सुरू होते. घरातील केर रोजच्या रोज बाहेर टाकावा, तसे हे गवत आपल्या शरीरातील मीठ बाहेर टाकत असते. त्यामुळे बाहेर सोडियमचा सुकाळ असूनही पानाच्या आत वनस्पतीला हितकारक असलेल्या पोटॅशियमचेच प्रमाण अधिक राहते.

मिठाप्रमाणेच चिखलाचेही संकट असते. मुळांना श्वसनासाठी हवा लागते. शेतातील भुसभुशीत मातीत ती सहज मिळते. पण पाण्याने गच्च भरलेल्या बारीक चिखलात हवा शिरण्यास जागाच नसते. येथे या गवताला भाताच्या कुळाचा वारसा उपयोगी पडतो. त्याच्या खोडात आणि मुळांत पोकळ मार्ग असतात. पानांवाटे आत आलेली हवा या मार्गांनी थेट मुळांच्या टोकापर्यंत पोहोचते. भाताचे रोप साचलेल्या पाण्यात गुदमरत नाही, त्याचेही कारण हेच.

तिसरे संकट लाटांचे. भरतीचा लोंढा आणि ओहोटीचा ओढा या दोहोंत चिखल सारखा हलत असतो. अशा ठिकाणी केवळ वरवरच्या मुळांनी टिकाव लागत नाही. हळदीचे आणि आल्याचे गड्डे हे वस्तुतः मूळ नसून जमिनीखालचे खोड असते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. धानी घासचेही असे जमिनीखालचे खोड असते. ते चिखलात आडवे सरकत जाते आणि थोड्याथोड्या अंतरावर खाली मुळे व वर नवा कोंब सोडते. एका झुपक्याचे दोन होतात, दोहोंचे दहा होतात, आणि काही काळाने चिखलाखाली मुळांचे व खोडांचे दाट जाळे विणले जाते. वरचे गवत गुरांनी खाल्ले किंवा वादळाने मोडले, तरी हे जाळे शाबूत राहते आणि त्यातून पुन्हा कोंब फुटतात. म्हणूनच हे गवत वर्षानुवर्षे जगते. भाताप्रमाणे ते दरवर्षी पेरावे लागत नाही.

एवढ्याशा गवताने होणारे काम मात्र लहान नाही. भरतीचे गढूळ पाणी झुपक्यांमधून वाहू लागले, की त्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला, की पाण्यातील गाळ खाली बसतो. मुळांचे जाळे त्याला धरून ठेवते. दर भरतीला थरावर थर चढत जातो आणि चर हळूहळू उंच व घट्ट होते. मग लाटांवर तरंगत आलेली तिवराची आणि चिपीची बीजे या गवतात अडकतात. उघड्या चिखलावरून ती पुढच्या ओहोटीला वाहून गेली असती; गवताच्या आधाराने मात्र ती रुजतात. हुगळी नदीच्या मुखाशी, हल्दियाच्या समोर, नयाचर नावाचे बेट आहे. तेथील उघड्या गाळावरही प्रथम याच गवताने मूळ धरले. बांगलादेशात 1966 पासून किनाऱ्यावर वने लावण्याचे मोठे काम चालू झाले. कोणत्या चरेवर रोपे लावावी हे ठरविताना तेथील वनाधिकारी प्रथम पाहतात ते हे गवत. गवत दिसले, की भूमी झाडांचा भार घेण्यास योग्य झाली असे समजावे.

झाडे वाढली, की त्यांची दाट सावली पडते. धानी घासला भरपूर ऊन हवे असते. त्यामुळे ती त्या ठिकाणी विरळ होत जाते आणि वनाच्या कडेने, नव्या उघड्या चिखलाकडे सरकते. जेथे गवत होते तेथे वन उभे राहते. हे वन वादळाचा जोर मोडते, माशांना व खेकड्यांना आसरा देते आणि मागच्या गावांचे रक्षण करते. त्या वनाचा पाया घातला तो मात्र गवताने.

गवत असते तेव्हाही ते ओसाड नसते. भरतीच्या वेळी लहान मासे आणि कोळंबीची पिले त्याच्या झुपक्यांत लपतात. ओहोटीला निवट्या चिखलावर उड्या मारू लागतात आणि खेकडे बिळांतून बाहेर येतात. सुंदरबनातील चितळांचे कळप हे गवत चरण्यास किनाऱ्यावर उतरतात. नव्या चरांवर राहणारे लोक आपल्या म्हशी त्यावर चारतात. जेथे दुसरा चारा उगवतच नाही, तेथे या गवतावर गोरगरिबांची दुभती जनावरे जगतात.

या साध्या गवताकडे आज जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे. त्याचे कारण समजून घेण्यासाठी किनाऱ्यावरील शेतकऱ्यांच्या स्थितीकडे पाहिले पाहिजे. 25 मे 2009 रोजी ‘आयला’ नावाचे चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. सुंदरबनातील वस्तीच्या बेटांभोवती मातीचे बांध आहेत. ते अनेक ठिकाणी फुटले आणि समुद्राचे पाणी घरांत व शेतांत शिरले. पाणी ओसरले, पण मीठ जमिनीतच राहिले. पुढे कित्येक हंगाम त्या शेतांत नेहमीचा भात पिकेना. आपल्याच शेतात उभे राहून आपलेच पीक करपताना पाहण्याची वेळ हजारो कुटुंबांवर आली. कित्येकांना गाव सोडून दूरच्या शहरांत मजुरीसाठी जावे लागले.

कोकणातील शेतकऱ्यालाही हे दुःख अपरिचित नाही. रायगड, ठाणे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाड्यांच्या काठी हजारो हेक्टर खार जमीन आहे. खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालून आणि पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवून पूर्वजांनी ही जमीन लागवडीखाली आणली. गोव्यात अशा जमिनीला खाजण म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी मुसळधार पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघते, आणि मग तेथे भात लावतात. पण पावसाने मध्येच ओढ दिली, तर खालचे मीठ पुन्हा वर येते. बांधाला खांड पडली, तर एका भरतीत सारे शेत खारे होते. अशा जमिनीसाठी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून काही चिवट वाण जपले आहेत. रायगडाकडचा रता, गोव्यातील कोरगुट आणि केरळातील पोक्कळी हे त्यांपैकी होत. पनवेल येथे खार जमीन संशोधन केंद्र असून त्यानेही पनवेल-1, पनवेल-2 व पनवेल-3 असे वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. हे वाण थोडाफार खारेपणा सोसतात, ही गोष्ट फार मोलाची आहे. तथापि भर समुद्राच्या पाण्यात उभे राहण्याचे बळ त्यांपैकी कोणातही नाही. ते आहे फक्त धानी घासमध्ये.

मग हे बळ भाताला देता येईल काय? प्रश्न सोपा, पण उत्तर कठीण आहे. दोन वनस्पतींचा संकर होण्यासाठी त्यांच्या पेशींतील गुणसूत्रांचा मेळ बसावा लागतो. भातात 24 गुणसूत्रे असतात, धानी घासमध्ये 48. शिवाय त्यांची घडणही भिन्न आहे. त्यामुळे भाताच्या फुलावर या गवताचा पराग टाकला, तरी बी धरत नाही. धरलेच, तर आतला गर्भ लवकरच मरतो. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत क्षीरोद जेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने चालविले. त्यांनी सुमारे 34,000 संकर केले. त्यांतून केवळ 3 गर्भ वाचविता आले. ते बीजातून अलगद काढून काचेच्या पात्रात पोषक द्रव्यांवर वाढविण्यात आले. तिहींपैकी वाढीस लागला तो फक्त एक. त्या एका रोपाचा पुन्हा भाताशी संकर करून मीठ बाहेर टाकणारा भात निर्माण करण्याच्या वाटेवर पुढचे पाऊल पडले, असे 2013 मध्ये संस्थेने जाहीर केले. चौतीस हजार प्रयत्नांतून एक रोप! शास्त्रज्ञाच्या धीराची कल्पना यावरून यावी.

दुसऱ्या वाटेनेही शोध चालला आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1917 मध्ये कलकत्त्यास स्थापन केलेल्या बोस संस्थेतील संशोधकांनी या गवतातील एक विशेष जनुक शोधून काढले. जनुक म्हणजे एखादा गुण पुढच्या पिढीत नेणारा अनुवंशद्रव्याचा अंश. या जनुकामुळे तयार होणारे विकर भरपूर मीठ असतानाही आपले काम करीत राहते. भातातील तसलेच विकर मात्र मिठात निकामी होते. हे जनुक तंबाखूच्या रोपात घातले, तेव्हा ते रोपही खाऱ्या पाण्यात टिकू लागले, असे त्यांनी 2004 मध्ये दाखवून दिले. अशा प्रयोगांतून शेतकऱ्याच्या हाती नवे वाण येण्यास पुष्कळ वर्षे लागतात. तोवर ज्याच्यापासून हे सारे शिकावयाचे, ते गवत मात्र टिकले पाहिजे.

येथेच एक अडचण आहे. भाताचे बी उन्हात वाळवून कणगीत भरून ठेवता येते. संशोधन संस्थांत तर ते थंड कोठारांत अनेक वर्षे जतन करतात. धानी घासचे बी तसे ठेवता येत नाही. ते वाळले, की मरते. ओल्या चिखलात पडणे आणि तेथेच रुजणे एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून या गवताचे कोठार कोणत्याही इमारतीत बांधता येत नाही. भरतीओहोटीचा चिखल हेच त्याचे कोठार होय. पण तो चिखल लोकांना पडीक व निरुपयोगी वाटतो. कोठे त्यावर भराव टाकतात, कोठे कोळंबीची तळी खोदतात, कोठे गुरे बेसुमार चारतात. इकडे समुद्राची पातळीही वाढत आहे. 1901 पासून 2018 पर्यंत ती जगात सरासरीने सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. मागे बांध आणि पुढे चढता समुद्र यांच्या कात्रीत चिखलाचा पट्टा अरुंद होत चालला आहे. तो नाहीसा झाला, तर गवत जाईल आणि गवताबरोबर त्याची विद्याही जाईल.

समुद्र जसजसा चढेल, तसतशी अधिकाधिक शेते खारी होण्याची भीती आहे. तेव्हा माणसाला खाऱ्या पाण्यात पिकणाऱ्या धान्याची गरज भासेल. मिठाशी कसे वागावे, हे भाताच्या या रानटी भावंडाने केव्हाच शिकून घेतले आहे. ज्या चिखलातून आपण नाक मुरडून पुढे जातो, त्यात ते गवत आजही दिवसातून दोन वेळा बुडते, दोन वेळा वर येते आणि पानांवरचे मीठ झटकून उभे राहते. त्याला तेवढी जागा राखून ठेवणे, हे आपल्या ताटातील भाताविषयीचे आपले कर्तव्यच आहे.